न्हाणीतले सहा दिवे

८ ऑक्टोबर

ठरलं! रिना बाळंतपणाला इकडे, आपल्या मूल गावीच येणार. सकाळी घुग्घुसहून तिचा फोन आला. सासू म्हणाली म्हणे, "माहेरी माय नाई. लेकराले न्हाऊ कोन घालन? तुहा बाप?" मी म्हटलं, सांग तिला, हो, बापच घालन!

बोलून तर बसलो. रिनाची आई गेली, पण तिच्यासोबत माहेरही गेलं का? मी आहे ना अजून! अडचण एकच, आपली न्हाणी. अंगणात, पत्र्याचं दार, आत एक मिणमिणता बल्ब. त्या उजेडात लेकराच्या कानामागं साबण राहिला तर विहीणबाईंना आयतंच कोलीत मिळेल. कोठीची खोली रिकामी करायची अन् तिथं नवी न्हाणी. भरपूर उजेडाची.

१२ ऑक्टोबर

वायरिंगवाला अकरम आला. भिंतीवर खडूच्या खुणा केल्या: एक दिवा छताला मधोमध, एक आरशावर. "बस भाऊ, एवढ्या खोलीले लय झालं."

मी म्हटलं, अरे, मी इथं पाटावर बसणार, पाय लांब करून, नडग्यांवर लेकरू पालथं. दिवा डोक्यावर आला तर माझीच सावली लेकरावर पडेल! मधली खूण पुसायला लावली. समोरच्या भिंतीवर डावीकडे एक, उजवीकडे एक, आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक. तीस वर्षं एसटी हाकली. सिरोंच्याची रात्रीची गाडी कोणी घेईना तेव्हा मी घ्यायचो. रानडुक्कर रस्त्यावर यायच्या आधी मला दिसायचं. उजेड कुठून यावा हे मला शिकवायला निघाला!

अकरमनं खडू खिशात घातला. "न्हाणीले गिअर बी बसवू का, भाऊ?"

१६ ऑक्टोबर

शेजारच्या मीराबाईकडं शिकवणी लावली. अर्ध्या गल्लीतली लेकरं तिनंच न्हाऊ घातली आहेत. लेकरू नाही म्हणून नडग्यांवर दुधी घेतला. तेल लावलं, पाणी घातलं—दोनदा निसटला! "मान धरा, भाऊ, मान! भाजी नोय ते!"

संध्याकाळी तिनं त्याच दुधीची भाजी आणून दिली. खाताना कसंसंच झालं.

२१ ऑक्टोबर

टाइल्स बसल्या. दुकानात पांढऱ्याशुभ्र सांगितल्या होत्या, लागल्या पिवळट. जुन्या बनियनसारख्या! दुकानदाराला फोनवर चांगला झापला. अकरम म्हणतो, "पांढऱ्याच हायेत, भाऊ." दुकान त्यानंच सुचवलेलं, तो दुसरं काय म्हणणार?

२२ ऑक्टोबर

दुकानदार फोन उचलत नाही. चोराच्या मनात चांदणं.

२८ ऑक्टोबर

चारही दिवे लागले. तरी अंधूकच! शिवाय प्रत्येक दिव्याभोवती गोल कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. हलका माल! बदलून आणायला लावला, तर दुसऱ्यांची तीच गत. शेवटी आणखी दोन लावून घेतले. अकरमनं कपाळाला हात लावला: "लेकराले न्हाऊ घालाचं हाय, का ऑपरेशन कराचं हाय?"

सहाही लावले तेव्हा कुठं समाधान झालं. पण धान कापणीला आलेलं, उजेड पाहून तुडतुड्यांचा थवाच्या थवा खिडकीतून आत! मीराबाई कुंपणापलीकडून ओरडली, "लहानूभाऊ, साऱ्या मूलचे तुडतुडे तुमच्याच घरी आंघोळीले आले!"

हसा. लेकरू येऊ द्या, मग बोलू.

२४ नोव्हेंबर

मुलगी! दोघी सुखरूप. दवाखान्यात पेढे वाटले, गार्डला चुकून दोनदा दिला. मी आजोबा झालो! आजोबा!!

३० नोव्हेंबर

दोघी घरी आल्या. पोरगी जांभई देत होती, तर मीराबाई एकदम म्हणाली, "पाहा न भाऊ, गालाले खळी! आजीची उचलली पोरीनं." रिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून वाकून पाहिलं. मला काही दिसली नाही. "हो हो," म्हटलं. त्या खोलीतला बल्बही बदलायला हवा.

८ डिसेंबर

पहिली आंघोळ माझ्या हातची. सहाही दिवे लावले. पोरीला आत आणली मात्र, तिनं डोळे गच्च मिटले अन् जो टाहो फोडला! पाण्याचा थेंबसुद्धा पडला नव्हता अंगावर. मीराबाईनं उचलून ओसरीवर नेली, तर लगेच चूप.

म्हणजे मीच नको आहे तिला. विहीणबाई जिंकल्या. फार लागलं मनाला. जेवलो नाही.

९ डिसेंबर

आज पुन्हा तेच. रिना डोळ्यांवर हात धरून दारात आली. "बाबा, डोळे दिपून राह्यले इथी! तिले कसं सहन होईन?" अन् एक ठेवून बाकीचे सगळे दिवे बंद केले. पोरगी चूप! पाय हलवायला लागली.

पण मला काही दिसेना. साबण चाचपला, तांब्या लवंडला. फेस कुठं आहे, कळेना. विचारलं, "कानामागचा साबण गेला का गं?"

रिनानं वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं. म्हणाली, "बाबा, तुमाले दिसत नाई काय?"

"मले? सिरोंचा रोडवर वाघ पाह्यला म्या रात्री!" मी डाफरलो. तिनं लेकरू माझ्या नडग्यांवरून अलगद उचलून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ डिसेंबर

रिनानं धरून ब्रह्मपुरीला पाठवलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाला, पांढरं पिवळट दिसणारच, दिव्याला कडं दिसणारच. सगळा दोष माझ्याच डोळ्यांत! अन् मी गावभर बल्बांना शिव्या देत फिरलो. येताना बसमध्ये आधी लाज वाटली, मग हसू आवरेना. शेजारचा बाप्या सरकून बसला.

घरी आल्या आल्या रिनाला विचारलं, "मंग न्हाऊ घालू देशीन न मले?"

"ऑपरेशन होतवरीक मीराबाई. मंग तुमीच."

१३ डिसेंबर

दुकानदाराची माफी मागितली. अकरमच्या फोनवरून केला, म्हणून उचलला त्यानं. अकरमनं पाच दिवे काढून नेले. जाताना म्हणाला, "गिअरचं कॅन्सल का मंग?"

२० डिसेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर काळा चष्मा, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. जवळ गेलो की चष्मा पाहून पोरगी भोकाड पसरते.

२० जानेवारी

चष्मा सुटला. टाइल्स पांढऱ्याशुभ्र आहेत! आज पोरगी पुन्हा माझ्या नडग्यांवर. पालथी केली, उताणी केली, कानामागं बोट फिरवलं, अन् ती माझ्याकडं पाहून हसली. उजव्या गालाला खळी. तिच्या आजीची, तशीच्या तशी!

दिवा एकच लावला होता.