ताईच्या बाजूनं किलकिलं दार

६ फेब्रुवारी

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

तुझा जुना सिंथेसायझर पोचला. आई घशाच्या ऑपरेशननंतर घरी आली आहे. डॉक्टरांनी बोलणं सोडच, कुजबुजायलाही मनाई केली आहे. आवाज परत येईल का, ते तपासणीत कळेल म्हणे. बसस्थानकावर दिवसभर गाड्या पुकारणारी बाई, आणि घरात मुलीला हाक मारता येत नाही! घंटी दिली, तर तिनं पाटीवर लिहिलं की मी काय हॉटेलातलं गिऱ्हाईक आहे?

म्हणून त्याच्यासोबत आलेली ती बोटानं दाबायची पट्टी तिच्या उशाशी ठेवायची, आणि तिनं दाबली की स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर सूर वाजावा, असं ठरवलं. पण सूर काढणारा ऑसिलेटर स्पीकरला जोडला की बोंबलतच राहतो. त्याला पट्टी जोडली तर सूर नुसता वरखाली होतो. गप्प कसा करू?

तुझी, कान किटलेली,
टिटवी


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

ऑसिलेटर बिचारा जन्मल्यापासून बोलतच असतो, आपल्या मोठ्या मावशीसारखा. त्याला गप्प करता येत नाही. मध्ये द्वारपाल बसवावा लागतो. तो म्हणजे व्हीसीए. ऑसिलेटरची केबल त्याच्या 'इन'मध्ये घाल, 'आउट'मधून स्पीकरला ने, आणि पट्टीची केबल 'सीव्ही' लिहिलंय तिथे. पट्टी दाबली की तिच्यातून व्होल्टेज येतं. ते नसेल तर दार बंद. चढेल तसं उघडेल. पट्टीचं व्होल्टेज स्वतः ऐकू येत नाही, ते फक्त दार हलवतं. एवढं कळलं की अर्धं शास्त्र कळलं. उरलेलं अर्धं मलाही कळलेलं नाही.

व्हीसीएचा मोठा नॉब शून्यावर ठेव, नाहीतर दार किलकिलं राहून सूर गळतो. शेजारी एक खटका आहे. डावीकडे केला तर दार दाबाच्या प्रमाणात उघडतं. उजवीकडे केला तर आधी जेमतेम, मग एकदम. उजवं कानाला गोड लागतं, तेच ठेव.

तपासणीची तारीख मात्र तू लिहिली नाहीस. मी वर्गात श्लोकाच्या मधोमध थांबतो, आणि मुलांना वाटतं, सर अर्थ शोधताहेत.

दार कसंही असो, लोभ उघडा आहे.
मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

आज नमस्कार राहू दे. काल दुपारी आईला ठसका लागला. ती पट्टी दाबत होती, पण बोटात जोर नव्हता, आणि तुझ्या गोड खटक्यानं दार उघडलंच नाही. मी घरातल्या शांततेवर खूश होऊन भांडी घासत होते. सहज डोकावले, तर ती लालबुंद, बोट पट्टीवर तसंच.

सावरली. खटका डावीकडे केला आहे. आता बोट नुसतं टेकलं तरी ऐकू येतं. पण शांतता झाली की मी धावत तिच्या खोलीत जाते. केबल निघाली असेल तर? ही शांतता बरं असल्याची की तुटल्याची, कसं ओळखायचं? तपासणी पुढच्या शुक्रवारी आहे.

टिटवी


१६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

कानाला काय गोड लागतं ते मी ऐटीत सांगितलं. ताईच्या बोटात किती जोर उरलाय, ते विचारलं नाही. पत्र वाचून चहा तसाच गार झाला.

आता असं कर. सूर थोडा गळू दे. पण त्यासाठी नॉब उघडू नकोस. तसं केलंस तर पट्टीची केबल निघाली तरी स्पीकर गुणगुणतच राहील आणि तुला फसवेल. दार ताईच्या बाजूनंच किलकिलं हवं. पट्टीवर एखादी हलकी वस्तू ठेव. बारीक गुणगुण चालू आहे तोवर सगळं जागेवर आहे. वाढली तर पळ. थांबली तरी पळ.

शुक्रवारी मी शाळेत असेन, पण शिकवत असेन असं नाही.

आहे तो लोभ सांभाळ.
मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पट्टीवर ठेवायला आईनं तिचा स्थानकावरचा बिल्ला काढून दिला. आठवडाभर घर गुणगुणत होतं आणि मी धड झोपत होते.

काल डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता बोलून बघा. तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. रस्ताभर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर बिल्ला पट्टीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि गुणगुण थांबली. सुरी टाकून धावले, वाटेत स्टुलाला पाय ठेचला. आई उठून बसली होती. बिल्ला तिनं अंगातल्या गाऊनला लावला होता. मला म्हणाली की टिटवे, ते भुणभुणणं आता आवर. आवाज खरखरीत, फाटका, पण मामा, तिचाच.

पत्र मिळालं की तिला फोन कर. आणि कृपा करून तू कमी बोल.

तुझी,
टिटवी