शब्बाथच्या दिवशी वाळलेल्या चादरी

नेस, लुईस बेट
मंगळवार, १८ नोव्हेंबर

फिनले भाऊजींना मर्डीनाचा सलाम.

तुमची तब्येत ठीकच असणार, रविवारी माझ्या बैठकीच्या खोलीत आवाज चांगला खणखणीत होता. इकडे वारा वायव्येचा, पाऊस आडवा, मेंढ्या भिंतीच्या आडोशाला. क्षेमकुशल झालं.

जाताना तुम्ही बजावलंत की मी चूक कबूल करेपर्यंत चर्चमधल्या प्रभुभोजनाला बसायचं नाही, आणि तुम्ही माझी गोष्ट मंडळीच्या वडीलजनांपुढे ठेवणार आहात. तेव्हा मी गप्प राहिले. त्याला तुम्ही पश्चात्ताप समजला असाल. पश्चात्ताप नव्हता तो. घरात आवाज वाढू द्यायचा नव्हता. का, ते लिहितेच.

तुम्ही आलात ते मी संध्याकाळच्या उपासनेला दिसले नाही म्हणून. टोपी माझ्या कोरड्या जमिनीवर झटकलीत आणि कान टवकारलेत.

“वहिनी, हे काय गुरगुरतंय?”

“डीह्युमिडिफायर. हवेतली ओल ओढून टाकीत जमा करतो. कपडे वाळतात.”

“आज? शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी?”

“हवेला कुठे ठाऊक आज रविवार आहे ते.”

“थट्टा पुरे. आमच्या आईने रविवारी दोरीवर कधी एक मोजा टाकला नाही.”

“मी तरी कुठे दोरीवर टाकलाय? स्टँडवर टाकलाय.”

“आणि या चादरी? या तर टपकतायत!”

“सकाळी धुतल्या.”

मग तुम्ही वाकून भिंतीतला प्लग उपटलात. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, इतकं खाली. टॉर्किलच्या थडग्यापाशीसुद्धा तुम्हाला इतकं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तो तुमचा सख्खा भाऊ होता. मला एवढंच सांगा, यंत्र आपलं आपण चालू होतं ते काम, आणि तुम्ही वाकून, धापा टाकून ते बंद केलंत ती काय विश्रांती? तुम्ही फाटकापर्यंत पोचायच्या आत मी प्लग परत लावला. वडीलजनांना हेही सांगा.

तुम्ही म्हणालात, पूर्वी चुलीत दलदलीतून खणलेलं पीट जळायचं, त्या धुरात कपडे वाळायचे, कोणी मेलं का? मेले, भाऊजी. आपल्याकडे ‘छातीने गेला’ म्हणतात आणि चहा ओततात. मागच्या खोलीच्या भिंतीवर टॉर्किलच्या उशाशी काळे ठिपके यायचे. मी ब्लीचने पुसायचे, ते पुन्हा यायचे. मी त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालायचे आणि खिडकी फटीएवढी उघडी ठेवायचे, म्हणजे बाहेरचा पाऊस आत आणि आतली वाफ भिंतीवर. कोणी सांगितलं नाही. तो गेल्यावर वाचनालयाच्या गाडीतून पुस्तकं आणून वाचली, तेव्हा कळलं. त्या भिंतीने त्याला मारलं असं मी म्हणत नाही. पण त्या खोलीतून तसाच खोकला पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

आता कपड्यांचं. तुम्ही स्टँडकडे पाहून म्हणालात, “एकट्या बाईचं एवढं धुणं?” मग पुरुषाचे पायजमे दिसले, आणि तुमच्या तोंडावर जे आलं ते मला वाचता आलं. टॉर्किलच्या विधवेने पुरुष ठेवलाय.

ठेवलाय. त्याचं नाव आयव्हर. तुमचा मुलगा.

निळी जर्सी तुमच्या कोपराला घासत होती. त्याच्या आईने, बेलाने, ती त्याच्यासाठी विणली ती तुमच्या चुलीपाशी, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्हाला यंत्राचा हिरवा दिवा बरोबर दिसला, जर्सी दिसली नाही. तो भिंतीपलीकडे उशीत तोंड खुपसून खोकला दाबत होता. तुम्ही मला शब्बाथला चालणारी गरजेची आणि दयेची कामं कोणती ते समजावत होतात तेव्हा.

रविवारीही सुटणाऱ्या प्रवासी बोटीवर दोर टाकायची नोकरी धरली म्हणून तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत. “मला मुलगा नाही” हे इतक्यांदा बोललात की ते तुम्हाला शास्त्रातलंच वचन वाटत असेल. बोट अजून दर रविवारी जाते. तुमच्या गुडघ्यांची औषधं त्याच बोटीच्या पोटातून येतात, शनिवारी निघाली की रविवारी, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

दोनदा न्यूमोनिया झाल्यावर ग्लासगोच्या इस्पितळातून तो माझ्याकडे आला. तुमच्याकडे नाही. डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत ओल नको, बुरशी नको, धूर तर नकोच. रात्री घामाने चादरी भिजतात. त्या रविवारी धुवायच्या नाहीत असा नियम असेल, तर त्याने रविवारी घामेजू नये असाही एक करून टाका.

बेलाला ठाऊक आहे. बुधवारी ती माझ्याकडे विणायला येते ना, तेव्हा विणत नाही. त्याच्याशी बोलते, मग स्टँडवरचे कपडे एकेक काढून गालाला लावून बघते, ओल राहिली का. ओल कळायला इतका वेळ लागत नाही. हे लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “लिही. आमच्या स्वयंपाकघरात त्याचं नाव काढायची मला हिंमत नाही.” तेव्हा तिच्यावर ओरडू नका. ओरडायचं असेल तर माझं घर जवळ आहे.

चर्चचे पाळकसाहेबही येऊन गेले. यंत्राशेजारी बसून चहा प्यायले, म्हणाले, “हे न थांबता बोलतं आणि त्याचा काही उपयोगही होतो, मला हेवा वाटतो.” तुमच्या तक्रारीचं काय होईल, याचा अंदाज यावा म्हणून लिहिलं.

पण प्रभुभोजनाचं राहू द्या. तुम्हाला पाहिजे तर मी मागच्या बाकावर बसेन, जन्मभर. मला भीती वेगळी आहे. त्याची छाती हा हिवाळा काढेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि मी विचारलं की ते नजर वळवतात. टॉर्किलच्या वेळी डॉक्टरांनी असंच केलं होतं. आयव्हर तुम्हाला बोलावतोय, असं खोटं मी लिहिणार नाही. मी बोलावतेय. काल त्याने एवढंच विचारलं, “बाबा लंगडत होते का गं, काकू? पावलं तशी वाटली.”

म्हणजे त्याने तुम्हाला पावलांवरून ओळखलं.

या. रविवारीच यायचं तर रविवारी या. यंत्र चालू असलं की दार बंद ठेवावं लागतं. तुम्हाला बघून लावलंय असं समजून फाटकावरून परतू नका. कडी नाही. ढकला, आत या, आणि मागे लावून घ्या.

तुमच्या मुलाची काकू,
मर्डीना