साडूंची फरशी आणि माझे कान

मेहुणेबुवांना त्यांच्या धाकट्या भावजींचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर कळवू नका. तुमची धाकटी बहीण लगेच बॅग भरेल आणि मला स्वतःच्या हातचं खावं लागेल.) माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त साडूंचं नाव निघालं की छातीत जळजळतं. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. मी म्हटलं, नाही हो, साडू आहेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, टाईलच्या कारखान्यात माझा जन्म गेला. पट्ट्यावरून टाईल आली की तिरप्या उजेडात तिचा चेहरा बघायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा, कोपरे आणि रंगाची छटा तपासायची आणि पहिली प्रत की दुसरी ते सांगायचं. (माणसांच्या बाबतीतही ही खोड जात नाही. साडूंना मी माझ्या लग्नातच दुसऱ्या प्रतीत टाकलं होतं.) असा माणूस नात्यात असताना साडूंनी अख्ख्या घराला नवी फरशी घातली आणि मला एका शब्दानं विचारलं नाही! चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, त्याला टाईलमधलं काय कळतं? वर तुमची बहीण तिथून आली ती "ताईकडे पायाला कसं मऊ लागतं!" असं म्हणत, आणि आमच्या फरशीकडे असं काही बघितलंन की माझा जीव अर्धा झाला. (आमची फरशी दुसऱ्या प्रतीची आहे. कामगारांना तीच मिळते. तिच्यावर ठेवलेलं टेबल आजतागायत स्थिर उभं राहिलेलं नाही.)

तेव्हा रविवारी जेवायला बोलावलं तसा मी खिशात पट्टी आणि बॅटरी घालूनच गेलो. सगळे हातपाय धुऊन बसत होते, मी मात्र गुडघ्यांवर. ही वाकलीय म्हटलं, हिच्यावर टाचणीएवढं छिद्र आहे, दारापाशी एक छटा आणि सोफ्यापाशी दुसरी. साडू प्रत्येक वेळी नुसतं "असं होय? बरं झालं सांगितलंत" म्हणायचे, त्यानं माझं पित्त आणखी खवळायचं. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ टिचकी मारली आणि आवाज पोकळ आला. मग काय विचारता! ही भाजणीतच कच्ची राहिलीय, मी सर्वांसमक्ष जाहीर केलं, कारखान्यात तपासायला कुणी आंधळा बसवलाय की काय? गवंडी मागच्या बाजूचं काम करत होता, तो आला, म्हणाला की टाईल चांगली आहे, खाली सिमेंट नीट बसलं नाही, ती चूक माझी. मी म्हटलं, काढा! त्यानं छिन्नी लावली आणि टाईलचे तुकडे झाले. एक तुकडा उलटा करून बघितला, तर पाठीवर आमच्याच कारखान्याची खूण. साडूंनी माळ्यावरून उरलेला खोका आणला. त्यावर पहिल्या प्रतीचा शिक्का होता आणि शेजारी तपासनिसाचा नंबर. मेहुणेबुवा, नंबर माझा होता!

"म्हणून तर घेतल्या," साडू म्हणाले. टोमणा नाही, काही नाही. "दुकानदाराला सांगितलं, आमच्या साडूंच्या नंबरचा माल असेल तरच दाखव. तुम्ही पास केल्यावर आणखी विचारायचं ते काय?"

मग पानं मांडली. तुमच्या थोरल्या ताईंनी मलाच पहिलं वाढलं, तेही आग्रह करकरून. हा माणूस थोडा जरी वाईट असता तर त्याचा मत्सर करायला किती सोपं गेलं असतं! गवंड्यानं खोक्यातली नवी टाईल बसवली. मी टिचकी मारली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपल्या घरचा धाकटा जावई

ता.क. : हे पत्र थोरल्या ताईंना दाखवू नका. त्यांची फरशी खरोखरच सुरेख आहे, पण हे माझ्या तोंडून गेलं असं म्हणाल तर मी कानावर हात ठेवीन.

आणखी ता.क. : तुमच्या न्हाणीघराची फरशी बदलायचं घाटतंय असं ऐकलं. घाटत नसलं तरी कोणती घ्यावी हे एकदा मला विचारा. पुढच्या वेळी सगळे जेवायला बसलेले असताना विचारा, जरा मोठ्यानं, आणि साडू पाणी प्यायला उठले असतील तर ते परत येईपर्यंत थांबा.