बंब कुठं उभा करायचा

१९ ऑगस्ट
पूर उतरला. आज फायर स्टेशनात शिरता आलं. कमरेएवढा गाळ. नदीकडची भिंत फाटली. ॲम्ब्युलन्सची शेड वाहून गेली. मी चालवतो तो बंब जागेवरच, पण इंजिनात माती. दिनकर, माह्या सोबतचा फायरमन, पायरीवर बसून होता. म्हणे, "आता आग लागली त कोणाले बोलवाचं भाऊ?"

२३ ऑगस्ट
समाजमंदिरातल्या बाकावर स्टेशन. बंबाचं सामान यवतमाळहून येईन म्हणतात. कधी, कोणी सांगत नाही.

२७ ऑगस्ट
टेकडीखालच्या तांड्यावर आग. प्रेमसिंगचं घर. ट्रॅक्टरले पाण्याचा टँकर जोडून गेलतो, चिखलात फसलो. पोहोचलो त छप्पर खाली येऊन राह्यलं होतं. प्रेमसिंग एकच ओरडे, "याडी आत हाय! माही याडी!" दिनकर ओलं पोतं घेऊन शिरला. त्याच्या म्हाताऱ्या मायले बाहेर काढलं. पण...

२८ ऑगस्ट
दिनकरचे हात भाजले. बंब चालू असता त.

५ सप्टें.
बंब सुरू झाला. आवाज ऐकला अन् रडलो.
नव्या स्टेशनची आखणी. त्याच जागी, नदीकाठी! नगरपालिकेच्या साहेबांना म्हटलं, पुन्हा बुडन. ते म्हणे, "सरकारी जागा तेवढीच आहे. तुमच्याकडे दुसरी असेल तर द्या."

९ सप्टें.
प्रेमसिंग आला. डोकं भादरलेलं. मले त्याच्याकडे पाहवेना. म्हणे, "टेकडीवर माह्यं वावर हाय. सडकेकडचा कोपरा घ्या स्टेशनले."
"काहून देता?"
"तिथून तांडा दिसते."
साहेबांना सांगितलं. "बघू."

१४ सप्टें.
परवापासून पाऊस. नव्या स्टेशनच्या पायव्याच्या खड्ड्यात नदीचं पाणी, बंब शेजारीच उभा. साहेबांचा फोन लागेना. बायको म्हणे, "नोकरी जाईन तुमची." तरी बंब काढला, प्रेमसिंगच्या वावराकडं नेला. चढावर चाकं रुतली. तांड्यावरचे सारे ढकलाले आले, प्रेमसिंग पुढं.
वर पोहोचल्यावर साहेबांचा फोन. "कोणाला विचारून नेलात? आत्ताच्या आत्ता खाली आणा."
खाली पाणी चढूनच राह्यलं. चावी माह्या खिशात. दिनकर बंबाच्या चाकाखाली दगड लावून राह्यला.
फोन पुन्हा वाजून राह्यला.