तिसरा फोटो

लांजा, ११ जानेवारी २०२५

चि. रेणुकास, बाबांचे अनेक आशीर्वाद.

मला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या आईच्या घशातून आवाज निघत नाही, म्हणून पत्रच बरं. किरणांचे शेक झाले, प्रतिकारशक्तीच्या सलाइनी झाल्या, आणि स्कॅनच्या दुसऱ्या फोटोत गाठ पहिल्याहून मोठी? मग कशाला भाजताय तिला? शनिवारी न्यायला येतो. तिचं स्वेटर वर ठेव, गाडीत वारा लागतो.

तुझा काळजीतला बाप,
हरिश्चंद्र

मुंबई, २० जानेवारी

ति. बाबांना रेणुकाचा नमस्कार.

दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून आलात आणि डॉक्टरांना न भेटताच आईला घेऊन गेलात. चपला बघून आई हसली, मग तिचे डोळे भरले. डॉक्टर म्हणतात, या दोन उपचारांनी शरीराच्याच पेशी गाठीवर तुटून पडतात. त्यामुळे कधी कधी ती आधी सुजते, फोटोत मोठी दिसते. सूज की वाढ, हे आठ आठवड्यांनी तिसऱ्या फोटोत कळेल. तोवर सलाइन थांबवायची नाही. कलम जगलं का बघायला पट्टी सोडणाऱ्या गड्यांना तुम्हीच ओरडता ना? आईला पुढच्या सलाइनसाठी तीन फेब्रुवारीला आणा. माझा पाय प्लास्टरमध्ये, नाहीतर मीच आले असते. हे पत्र तिला वाचायला द्या.

रागावले आहे, तरी माया कमी करू नका.
रेणुका

लांजा, १० फेब्रुवारी

चि. रेणुकास आशीर्वाद.

आई पेज घेते, कलमांना पाणी घालते. मुंबईचं नाव काढत नाही. तुझं पत्र आलं का, एवढंही विचारत नाही. पायाला जप.

बाबा

मुंबई, २८ मार्च

ति. बाबांना नमस्कार.

तुम्ही रत्नागिरीत काढून पाठवलेला तिसरा फोटो डॉक्टरांना दाखवला. घशातली गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. ती सूजच होती. पण मधे औषध थांबलं, आणि फुप्फुसांत नवे ठिपके आहेत. आता फक्त दुखू नये एवढंच पाहायचं, म्हणाले. जानेवारीत मी लिहिलं होतं, त्यावर आई काय म्हणाली होती?

रेणुका

लांजा, ३ एप्रिल

चि. रेणुका,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही. पत्र मी तिला दाखवलंच नव्हतं. पुन्हा शेकायला जाईल म्हणून तांदळाच्या डब्यात तळाशी दाबलं. काल ते तिच्यापुढे धरलं, सगळं सांगितलं. तिने पाटीवर लिहिलं की पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं. खाली लिहिलं, घरात भात कोण लावतं, तुम्ही?

मग गेली का नाहीस, म्हणून मी ओरडलो. ती कितीतरी वेळ पाटी पुसत राहिली. शेवटी लिहिलं, त्या चपला बघून तुम्हाला एकटं सोडवेना.

माझ्यावर लोभ नसला तरी तिच्यासाठी ये.

हरिश्चंद्र