अंगठ्याच्या मुळाशी

१२ जानेवारी २०२५
सगळं बदललं ते आज दुपारी, बारा-सव्वाबाराला. जिच्यावर माझा जीव, त्या श्रेयाचा बजाजनगरला साखरपुडा, आणि आई दारात आडवी उभी. गाडीची चावी तिच्या मुठीत. "तिथं जाऊन तमाशा करायचा नाय, विश्वा." मी तिचा अंगठा धरला आणि मागं पिळला. कट्ट! चावी घेतली न् निघालो.

हॉलबाहेर तासभर उभा राहिलो. आत गेलोच नाही. मग कशासाठी पिळला?

१३ जानेवारी
आईचा अंगठा लई सुजलाय. आमच्या घरच्या मेसच्या पोळ्या डाव्या हातानं लाटतेय. शेजारच्या करुणाकाकूंनी विचारलं तर म्हणाली, वय झालं.

२ फेब्रुवारी
बाटलीचं झाकण फिरवलं — तोच आवाज. गाडीचं स्टँड लावलं — तोच. कॉलेज सोडताना सरांची कॉलर धरली होती, त्याची कधी आठवणसुद्धा येत नाही. हे मात्र कानातून जातच नाही.

१८ फेब्रुवारी
आईला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय म्हणाले. मोठी चिरफाड नको; दोन बारीक छिद्रं पाडायची, दुर्बीण घालायची, हाडाचा खराब भाग घासून काढायचा. फक्त हात बधिर करणार. मग विचारलं, कधी मुरगळला होता का? आतली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं असेल तर नुसतं साफ करून भागणार नाही, तेही जोडावं लागेल.

"नाय," आई म्हणाली.

आणि मी शेजारी बसून गप्प!

रिक्षात विचारलं, खोटं का बोललीस? म्हणे, गल्लीत कळलं तर तुला पोरगी कोण देईल?

२५ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. कागदांवर सही माझी. सांगितलं नाही आणि आत काही फाटलेलं तसंच राहिलं तर हात जायचा तिचा.

२६ फेब्रुवारी
आईला आत घेतलं तसं डॉक्टरांना दारातच गाठलं. सांगून टाकलं. आवाज चढला माझा, सिस्टर म्हणाली हळू बोला. डॉक्टर एवढंच म्हणाले, आधी सांगितलं ते बरं केलं, आत गेल्यावर नीट तपासतो.

तासाभरानं बाहेर आले. लिगामेंट शाबूत आहे! झीज दहा-बारा वर्षांची, पोळ्या लाटून-लाटून झालेली. हाडावर हाड घासतं, त्याचाच तो आवाज. "तुमच्यामुळं झालेलं नाही हे."

जिन्यात जाऊन बसलो. ढसाढसा रडलो.

२७ फेब्रुवारी
आईला घरी आणलं. डॉक्टरांचं म्हणणं तिला दोनदा सांगितलं. मला वाटलं हसेल. खिडकीकडं बघत म्हणाली, "हाडाचं त्यांनी सांगितलं. पण पिळला तर तूच ना?"

२८ फेब्रुवारी
बोलत नाही. पाणी मागायचं तर काकूंना हाक मारते.

२ मार्च
दुपारी आई झोपली होती. पट्टी बांधलेला हात खाली लोंबकळत होता, म्हणून उचलून उशीवर ठेवायला वाकलो. नुसतं बोट लागलं — झोपेतच तिनं हात छातीशी ओढून घेतला.

करुणाकाकूंना सांगितलं, हिच्याकडं बघा. दोन शर्ट पिशवीत कोंबले. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.