ओठावरचा घास

सोमवार, ३ नोव्हेंबर
पोचली बापा चिखलदऱ्याले. तेल्हाऱ्यात अंग घामानं चिपचिप, अन् इथं शाल काढा लागली. नात पौर्णिमा इथं पाखराच्या पैदास केंद्रात कामाले हाय. तिनंच मलेही चिटकवलं. दर्यातल्या बेटावर उंदरांनी या पाखराची अंडी खाऊन टाकली, म्हणून उरलेली पाखरं इकडे आणली म्हणे. रंग मातकट, तोंड बेडकासारखं. एवढ्या खर्चात माणसानं मोर तरी पाळावा. माह्यं काम काय, तं किडे चिरून वाट्या भरायच्या.

६ नोव्हेंबर
अंड्यातून पिल्लू निघालं. डॉक्टर गजालाबाई रडल्या. माह्या चार बाळंतपणांत कोणी रडलं नव्हतं. पिल्लाले माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाई म्हणे. काळी झूल पांघरायची, हातात कापडाची चोच घालायची अन् मुकाट्यानं चारायचं. घ्या, कापडाची माय!

८ नोव्हेंबर
पिल्लू खाईना, थंडं पडलं. इथं आजवर एकही जगलं नाई. हे गेलं तं जात संपली समजा, असं बाई म्हणाल्या. दोघी जेवाले गेल्या तशी म्या झूल फेकली. पौर्णिमा लहान होती तवा तिले देत होती तसाच किड्याचा घास चावला अन् ओठावरून देल्ला. मेल्यानं पुरी चोच आत घातली. खाल्लं!

१५ नोव्हेंबर
समजलं त्याइले. शिव्या बसतीन वाटलं, तं बाई पाया पडल्या. दुसऱ्या कोणाचं ते खातच नाई. कोंबडीएवढं झालं. मी बोलली का ते निरा माह्या तोंडात पाहते.

२१ नोव्हेंबर
ओठ फाटला. घास सरला तरी चोच काढत नाई, आत चाचपून राहते. पौर्णिमेले म्हटलं, मी घरी जाते. आजी, सहन कर थोडं, म्हणे, वजन वाढून राहिलं त्याचं. माह्यं रगत तिनं पुसलं — पिल्लाच्या चोचीवरचं.

२६ नोव्हेंबर
जिभेचा शेंडा गेला. बोलता येत नाई. कागदावर लिहून दाखवलं, मले जाऊ द्या. बाईनं वाचलं. म्हणाल्या, किडे त्याले आता नकोच हायेत.
पिल्लाच्या खोलीची कडी बाहेरून लावली. मी आत. पौर्णिमेनं.

दुपार
दाराच्या काचेतून हसून राहिली नात. अजून दोन अंडी फुटली म्हणे. जात वाचली —
दार उघडलं. दोन्ही पिल्लं आत सोडली. वाटी नाई आणली —
मोठ्या पिल्लानं मान वाकडी केली. लहानाइले दाखवून राहिलं, कुठून उघडाचं —
मी दात दाबून —